कोपऱ्यावरची खुर्ची

मुंबईला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे, याचे प्रत्येक मुंबईकराच्या घरी एक ठरलेले पंचांग असते. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, जमल्यास एलिफंटा. पाय दुखू लागले की सिद्धिविनायक. त्यामुळे गेल्या मे महिन्यात माझ्या बहिणीचा नातू नागपूरहून आला आणि बॅग ठेवता ठेवता म्हणाला, "आजोबा, मला मुंबईतली हॉटेलं पाहायची आहेत," तेव्हा मी जरा गोंधळलो.

"पाहायची की खायची?"

"दोन्ही. पण आधी पाहायची."

चिरंजीव घरांच्या आणि दुकानांच्या आतल्या सजावटीचे शिक्षण घेत आहेत. खिशात मोजपट्टी, हातात चित्रांची वही. आपल्या मराठीत कोपऱ्यावरच्या चहावाल्यापासून १९०३ साली उघडलेल्या ताजमहालापर्यंत सगळ्यांना 'हॉटेल' हा एकच शब्द, हे तर आपण जाणताच. तेव्हा मी विचारले, "कुठल्या मजल्यापासून सुरुवात करू या?" तो म्हणाला, "तुम्ही जिथून केलीत तिथून."

मी त्याला धोबीतलावाला नेले. तिथे १९०४ सालचे कयानी आहे. दारातच तो थबकला आणि वर पाहू लागला. छत एवढे उंच, की पंखे लांब दांड्यांवरून खाली लोंबतात. भिंतींना आरसे, खाली फरशी, काचेच्या बरण्यांत बिस्किटे आणि खारी, गल्ल्यावर मालक. वर लाकडी कठड्याचा माळा. मालकाला मान न वळवता सारे दुकान दिसावे आणि चार टेबलांची जागा आठ टेबलांची वाटावी, ही दोन्ही कामे इराण्याच्या हॉटेलातला आरसा एकट्याने करतो. नातवाने वहीत लगेच नोंद केली. मी म्हटले, "नोंद नंतर कर, ब्रून गार होईल."

ब्रून हा पावाच्या घराण्यातला कडक स्वभावाचा भाऊ. वरून टणक, आत मऊ. त्याला मस्का लावायचा आणि चहात बुडवायचा, नाहीतर दाताशी भांडण ठरलेले. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा, तो गोव्याकडून आपल्याकडे आला. चहा चिनी झाडाचा, तो दाट दुधात उकळणारा यझ्द किंवा केरमानकडचा, आणि पिणारे आम्ही गिरगावकर. एका बशीत किती मुलुख जमले होते पाहा!

हे इराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून आले. बहुतेक जरथुष्ट्री, काही मुसलमान. पारशी त्यांच्या कितीतरी शतके आधीचे. आपल्या व्यापाऱ्यांना म्हणे कोपऱ्याची जागा अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्याला दोन रस्ते, दोन रस्त्यांना दोन दारे, आणि दोन दारांतून वारा नि गिऱ्हाईक दोन्ही खेळते राहतात. नातवाच्या प्राध्यापकांनी याला एखादे भारदस्त नाव दिले असेल. इराण्याने ते नाव न शिकताच दुकान थाटले.

मग चिरंजीवांनी बसल्या खुर्चीचीच उलटतपासणी सुरू केली. काळसर, वाकवलेल्या लाकडाची, पाठीला दोन कमानी असलेली ती खुर्ची आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती आली व्हिएन्नाहून. मिखाएल थोनेट नावाच्या सुताराने बीचचे लाकूड वाफेवर वाकवण्याची युक्ती काढली आणि १८५९ साली ही खुर्ची बाजारात आणली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून बांधली तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. म्हणून तर ती बोटीतून जगभर गेली. स्वस्त, हलकी, आणि मोडली तर मोडलेला तुकडाच बदला. गरिबाच्या हॉटेलात बादशाही थाटाची खुर्ची कशी आली, याचे उत्तर त्या खोक्यात आहे. टेबलांवर संगमरवर घालीत तोही थाटासाठी नव्हे. त्यावर सांडलेला चहा एका फडक्यात पुसला जातो, आणि उन्हाळ्यात त्यावर हात टेकला की बरे वाटते.

तिथून आम्ही बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियात बेरी पुलाव खाल्ला. इराणातली झेरेश्क नावाची आंबट लाल बोरुकली त्या भातात माणकासारखी पेरलेली असते. मग कुलाब्याच्या माँडेगारात गेलो. तिथल्या भिंतींवर आपल्या गोव्याच्या मारिओ मिरांडांनी अख्खी मुंबई चितारली आहे: नाकवाल्या बायका, ढेरपोटे साहेब, कुत्री, वाद्ये. जवळच १८७१ सालचे लिओपोल्ड. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झालेल्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथल्या भिंतीवर तशाच राखल्या आहेत. नातू बराच वेळ त्या भोकांकडे पाहत राहिला. "आजोबा, याला सजावट म्हणायची का?" मी म्हटले, "आठवण म्हण." त्याने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी माटुंगा. स्टेशनाजवळ जिना चढून गेले की रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ सालचे. इथे आरसे नाहीत, कमानी नाहीत. केळीचे पान, त्यावर पाणी शिंपडायचे, मग भात, सांबार, रसम्, भाज्या, ताक. वाढपी रांगेतून असा सरकतो की आपण 'पुरे' म्हणेपर्यंत तो पुढच्या पानावर असतो. नातवाने मोजपट्टी काढली खरी, पण मोजणार काय? इथली सारी रचना वेगाची आणि स्वच्छतेची. शेजारी बसलेल्या गृहस्थाने पान दुमडून उठता उठता आम्हांला सांगितले, "रसम् पुन्हा मागा, लाजू नका." आम्ही लाजलो नाही.

संध्याकाळी दादर. आस्वादमध्ये मिसळ मागवली. तिला २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला होता. दादरकरांना त्यात नवे काही वाटले नाही. लंडनला उशिरा कळले, एवढेच ते म्हणाले. साबुदाणा वडा, थालीपीठ, पियुष यांच्यासाठी बाहेर माणसे उभी आणि आत बसलेल्याच्या शेवटच्या घासावर त्यांची नजर. मराठी हॉटेलात घरचे जेवण मिळावे अशी अपेक्षा असते, म्हणून सजावटही घरच्यासारखीच. खोताच्या वाडीतले अनंताश्रम आता बंद झाले, पण तिथली मासळी ज्यांनी खाल्ली ते अजून त्या आमटीचे नाव काढून उसासा टाकतात. तिथेही बसायला संगमरवरी टेबलच होते. आग्रह मात्र बेताचा.

परतताना नातू गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, सगळं छान आहे. पण तुम्ही सुरुवात जिथून केलीत ती जागा दाखवलीच नाहीत."

खरे होते. मी टाळत होतो. तिसऱ्या दिवशी मी त्याला गिरगावातल्या आमच्या जुन्या नाक्यावर नेले. तिथे आता औषधांचे दुकान आहे. काचेची भिंत, पांढरा दिवा. फुटपाथवर उभे राहून मी त्याला सांगितले ते आपल्यालाही सांगतो.

१९६२ चा पावसाळा. मी आठ वर्षांचा. धाकट्या भावाला ताप होता, म्हणून आई आम्हां दोघांना घेऊन दवाखान्यात गेली होती. परतताना असा पाऊस कोसळला की छत्री उलटी झाली. समोर कोपऱ्यावर इराणी. वडील कचेरीतून येताना तिथे चहा घेत, हे मला ठाऊक होते आणि आईला ठाऊक नाही अशी वडिलांची समजूत होती. आमच्या घरी आजीचे कडक सोवळे. हॉटेलचे खाणे निषिद्ध, त्यातून इराण्याकडे अंडी! आई दाराच्या वळचणीला उभी राहिली. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने आरशात तिला पाहिले असावे. तो उठून आला आणि म्हणाला, "बाई, पोरगा भिजते. अंदर बसो."

आई आत आली. माळ्यावर पडद्याची 'फॅमिली रूम' होती. बायकांनी चारचौघांत बसून खाऊ नये, असा तो काळ. लाकडी कठडा आणि एक पडदा यांवर इराण्याने ती अडचण सोडवली होती. पण भावाला जिना चढवेना, म्हणून आम्ही खालीच एका टेबलाशी बसलो. भावासाठी गरम दूध आले, माझ्यासाठी मस्का लावलेला ब्रून, आणि आईने न मागता तिच्यापुढे चहा.

शेजारच्या टेबलाशी नगरपालिकेचा खाकी गणवेश घातलेला एक झाडूवाला बसला होता. त्याचा झाडू दाराशी टेकवलेला. त्याच्यापुढेही चहा. जाड पांढरा कप, तशीच बशी. तो उठला, पोऱ्याने कप उचलला आणि इतर सगळ्या कपांबरोबर त्याच पाण्यात टाकला. आईने ते पाहिले. मग आपल्या पुढ्यातल्या कपाकडे पाहिले. मला वाटते, दोनेक मिनिटे गेली असतील. बाहेर पाऊस चालूच होता. आईने कप उचलला आणि चहा प्यायली.

वाटेत ती एवढेच म्हणाली, "आजीला सांगू नकोस." आणि थोड्या वेळाने, "चहा बरा होता."

आज हे क्षुल्लक वाटेल. पण आठवा, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर केवढे गहजब झाले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबशा असत, नाहीतर दारच बंद. म्हणून तर राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची नावे घेऊन तिथला मज्जाव नाहीसा करावा लागला, आणि १९५५ साली त्यासाठी अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदाही करावा लागला. कायदा पुस्तकात होता. आमच्या आईपर्यंत तो एका जाड कपातून पोहोचला. इराण्याने हे काही समाजसुधारणा म्हणून केले, असे मी म्हणत नाही. त्याला धंदा करायचा होता आणि आपली सोवळी-ओवळी त्याच्या गावी नव्हती. पण दार उघडे होते, कप सारखे होते आणि एका चहावर कितीही वेळ बसता येत होते.

तशी शेकडो हॉटेले या शहरात होती. आता अगदी थोडी उरली. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने जुनी भाडी गोठवली, म्हणून ती इतकी वर्षे तगली. पुढे इमारती पाडून टॉवर आले, मुलेनातवंडे डॉक्टर-इंजिनियर झाली, पहाटे चारला उठून भट्टी पेटवणार कोण? काहींच्या परमिट रूम झाल्या. आणि गंमत अशी, की आता इराणी हॉटेलाचा थाट मुद्दाम बनवतात. वाकवलेल्या खुर्च्या, आरसे, चौकटीची फरशी, सगळे नवे आणून जुने दिसेलसे मांडतात. लंडनमध्येसुद्धा २०१० साली 'दिशूम' नावाने मुंबईच्या इराण्याची आठवण जागवणारे उपाहारगृह सुरू झाले, आणि लोक तिथे रांगा लावतात. मला त्याचा राग नाही. खुर्ची वाचली तर चांगलेच. पण त्या खुर्चीत एक कप चहावर तासभर बसायची मुभा, आणि शेजारी कोण बसेल हे ठरवण्याची मुभा नसणे, या दोन गोष्टी चोरबाजारात मिळत नाहीत.

नातू औषधांच्या दुकानाच्या काचेतून आत पाहत होता. "तुमचं टेबल कुठे होतं?" मी बोट दाखवले. वजनाचा काटा होता तिथे. तो आत गेला, एक खोकल्याची बाटली विकत घेतली आणि तेवढ्यात पावलांनी जागा मोजून आला.

दसऱ्याच्या सुमारास नागपूरहून त्याचा फोन आला. कॉलेजात त्याला एक उपाहारगृह आखायचे होते. त्याने कोपऱ्याची जागा घेतली होती, दोन दारांची. बाकी सगळे जमले होते, एकच माप अडले होते.

"आजोबा, त्या टेबलाची उंची किती होती हो?"

मी जरा आठवून सांगितले, "मी आठ वर्षांचा होतो. बसलो की माझी हनुवटी त्यावर टेकायची."

"ठीक आहे," तो म्हणाला, "तेवढीच ठेवतो."