पत्र्याखालचा पाठ

वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन शब्द आमच्या विसरवाडीच्या मुलांस तोंडपाठ असतात. चहातल्या चमच्याचे उदाहरणही ती न अडखळता देतात. परंतु सुरत-धुळे महामार्गावरील ह्या गावी वैशाखात जी उष्णता त्यांच्या माथ्यावर उतरते, ती ह्या तिहींपैकी कोणत्या वाटेने येते असे विचारिले की वर्ग गप्प होतो. म्हणून नववीच्या मुलांस आम्ही यंदा त्यांच्या घरांविषयीच प्रश्न घातले.

नवापूर तालुक्यातील जुने घर म्हणजे बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर कौले. मुलांस अशा घराची थोडी लाज वाटते. पदार्थविज्ञानास मात्र ती वाटण्याचे कारण नाही. लोकर व पिसे ऊब राखतात ती त्यांत अडकलेल्या हवेमुळे, असे काउंट रम्फर्डने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी दाखविले. कुडाच्या पोकळ्यांतही तीच हवा कोंडलेली असते, आणि कौलांच्या फटींतून वर चढलेली ऊन हवा निघून जाते. उलट पातळ पत्रा तापला की खालच्या माणसांवर प्रारण सुरू होते. पंखा लावावा तर तो तीच तापलेली हवा खाली लोटतो. शिवाय ७५ वॅटचा जुना पंखा १० तास फिरला की पाऊण युनिट वीज जाते ती निराळीच.

येथवर ऐकून एका मुलीने विचारले, "सर, कौले आईनेच काढविली. दर मृगाआधी ती चाळायची कोणी? वानरे फोडतात ती वेगळीच." ह्याचे उत्तर पुस्तकात नाही. पत्र्याने त्या माउलीची गळती आणि दरसालचे कष्ट दोन्ही चुकविले होते. तिला कौलांचे माहात्म्य ऐकविणे हे शहाणपण नव्हे. जुन्या घरांचे पोवाडे गाणाऱ्या शहरी लेखकांनीही हे ध्यानी घ्यावे.

मग आम्ही दोन गंजके डबे उन्हात पालथे घातले व एकास चुना फासला. पांढरा रंग ऊन परतवितो. दुपारी तापमापकाने चुन्याचा डबा पुष्कळ थंड दाखविला. त्याच आठवड्यात त्या मुलीच्या घरच्या पत्र्यास चुना लागला, आणि खाली वीतभर पोकळी राखून बांबूची तट्टी बांधली गेली.

चुना पावसात धुऊन जाईल व दर फाल्गुनात पुन्हा द्यावा लागेल, असे आम्ही तिला बजाविले. तिने विचारले, "कौले चाळण्याहून सोपे ना?"

सोपे खरे.