पवई आणि एक दीर्घायु वृत्तपत्र

पवई हें नांव पद्मावती देवीवरून पडलें असें सांगतात. देवीचें देऊळ तलावाच्या कांठीं अद्यापि आहे. परंतु आजच्या प्रवाशाचें लक्ष प्रथम उंच इमारतींकडे आणि १९५८ सालीं स्थापन झालेल्या तंत्रविद्येच्या संस्थेकडे जातें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटजींची मोठी इस्टेट होती. पवईस आलेल्या प्रवाशानें त्यांच्याबरोबर त्यांच्या एका समकालीन ज्ञातिबांधवाचेंहि स्मरण करावें. ते फर्दुनजी मर्झबान होत.

मूळचे सुरतेचे हे गृहस्थ मुंबईंत पुस्तकबांधणीचा धंदा करीत. त्यांनीं १८१२ सालीं गुजराती छापखाना काढला, १८१४ सालीं गुजराती पंचांग छापलें आणि १ जुलै १८२२ रोजीं ‘मुंबई समाचार’ सुरू केला. आरंभीं साप्ताहिक असलेलें हें पत्र १८५५ पासून दैनिक झालें. आशिया खंडांत अखंड चालू असलेलें हें सर्वांत जुनें वृत्तपत्र होय. कोट विभागांत हॉर्निमन सर्कलजवळ त्याची तांबडी इमारत उभी आहे. त्याची द्विशताब्दी २०२२ सालीं साजरी झाली.

आतां आपल्या घरची गोष्ट. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें आणि १८४० मध्यें थांबलें. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ सालीं निघाला, १९०४ पासून दैनिक झाला. परंतु शंभरी ओलांडून १९५१ मध्यें तोहि बंद पडला. विद्वत्तेंत हीं पत्रें कोणास हार जाणारीं नव्हतीं. मग अंतर कोठें पडलें? ‘समाचारा’च्या पहिल्या अंकांत जहाजांची ये-जा आणि मालमत्तेच्या विक्रीची वार्ता असे. व्यापाऱ्यास तो सकाळीं हातीं हवाच असे. गरज म्हणून घेतलेलें पत्र टिकतें. केवळ आदर म्हणून घेतलेलें पत्र अडचणीच्या महिन्यांत पहिल्यानें बंद होतें, असें मला वाटतें.

पवईचा तलाव १८९० च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठींच बांधला गेला. पण पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं. हेतु थोर असला तरी ज्यानें रोजची घागर भरते तेंच पाणी घरांत येतें.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस एवढीच विनंती कीं, घरीं एक मराठी दैनिक वर्गणी भरून घ्यावें आणि नातवंडांकडून तें रोज मोठ्यानें वाचून घ्यावें. पत्राचा योगक्षेम चालेल आणि मुलांचें मराठीहि सुधारेल.