गहू भिजत घालू की नको?

माघ संपत आला की आमच्याकडे कपड्यांचा मोठाच घोळ होतो. पहाटे दुलई हवी, आठ वाजता स्वेटर, अकराला तो खुंटीवर, आणि दुपारी दोनला पंखा! संध्याकाळी ओसरीवर बसायचे तर पुन्हा शाल शोधा. पुण्या-मुंबईची नातेवाईक मंडळी फोनवर विचारतात, "कामरगावला थंडी आहे का अजून?" काय उत्तर द्यावे? किती वाजताची विचारता, ते सांगा आधी...

जुनी माणसे म्हणत, महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते. म्हण गोड आहे, पण महाशिवरात्र तरी कुठे एका जागी थांबते? २०२४ मध्ये ती ८ मार्चला होती, २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. अधिक महिन्यामुळे तिथी तीन-तीन आठवडे मागेपुढे होते. थंडीने कोणत्या तारखेला जायचे?

शाळेत आम्ही सहा ऋतू पाठ करून घेत असू. पण गावात 'वसंत' हा शब्द मी बोलण्यात कधी ऐकला नाही. लोक म्हणतात, "हिवाळा सरला, उन्हाळा लागला." मधल्या दिवसांना नावच नाही. पळस फुलतो, आंब्याला मोहोर येतो, संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले घमघमतात. पुस्तकातला वसंत म्हणतात तो हाच. पण शेतकऱ्याच्या घरात या दिवसांत फुलांकडे कुणी बघत नाही. सगळे वर बघतात, आभाळाकडे.

कारण या दिवसांत सगळेच उघड्यावर असते. गहू ओंबीत उभा, हरभरा सोंगणीला आलेला, मृग बहाराची संत्री झाडावर. जूनमध्ये ज्या पाण्यासाठी देव पाण्यात ठेवायचे, तेच पाणी आता नको असते. (आमच्याकडे पावसाला पाणीच म्हणतात.) म्हणून तर त्याला 'अवकाळी' म्हणायचे. पाणी तेच, वेळ चुकलेली.

त्यातून गारा. दुपारी जमीन तापते, गरम हवा वर जाते. उत्तरेकडून वरच्या थरात थंड, कोरडे वारे येतात आणि बंगालच्या उपसागराकडून व अरबी समुद्राकडून आलेली दमट हवा त्यांना मध्य भारतावर, म्हणजे आमच्या डोक्यावर, भेटते. ढग उंच चढतो, थेंब गोठतात, वर-खाली होत मोठे होतात आणि मग कोसळतात. पहाटेची थंडी आणि दुपारचे ऊन आपल्याला गमतीचे वाटते, पण गाराही याच दिवसांतल्या. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपीट चालली होती. २०१८ च्या ११ फेब्रुवारीला आमचा वाशिम जिल्हा, बुलढाणा, जालना, बीड असा पट्टा झोडपला गेला. आडवा झालेला गहू पुन्हा उभा राहत नाही, आणि भिजलेला हरभरा काळा पडतो. मग तलाठी येतो, पंचनामा होतो, कागद पुढे जातो. कोठीत दाणे मात्र येत नाहीत.

परवा माझा एक जुना विद्यार्थी मोटरसायकल थांबवून दारात उभा राहिला. आता त्याच्याही डोक्यावर पांढरे दिसू लागले आहे. चार एकर हरभरा आहे. म्हणाला, "बाई, मोबाईल म्हणते पाणी येईन, आभाळ म्हणते नाई येत. कोनाचं आयकू?"

अंदाज मीही वाचला होता. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता.' हवामान खात्याला मी दोष देत नाही. गारेचा पट्टा अरुंद असतो, नाल्याच्या अलीकडे नासधूस आणि पलीकडे ठणठणीत, असे होते. पण 'तुरळक ठिकाणी' म्हणजे ज्याचे ते ठिकाण, त्याच्यासाठी ते तुरळक कसे?

त्याचा पेच साधा नव्हता. सोंगून ठेवावे तर थ्रेशरचा नंबर लागेपर्यंत ढीग शेतात पडून राहणार आणि पाणी आले तर भिजणार. उभे ठेवावे तर गारांनी घाटे झडणार. निर्णय आज घ्यायचा, आणि तो बरोबर होता की नाही हे आभाळ चार दिवसांनी सांगणार. त्यात उधारी आणि मुलीची फी, दोन्ही या हरभऱ्यावर.

मी आयुष्यभर मुलांना उत्तरे सांगितली, पण याचे उत्तर कोणत्या वहीत आहे? मी त्याला फक्त आमच्या आईची गोष्ट सांगितली. कुरड्यांचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचे, मग वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, शिजवायचा. तेव्हा कुठे कुरडई उन्हात जाते. म्हणजे पाचव्या दिवसाचे ऊन पहिल्या दिवशी गृहीत धरायचे. आभाळ आले की चीक आंबतो, कुरडई लालसर पडते. म्हणून आई सगळा गहू एकदम कधीच भिजवत नसे. दोन घाण्यांत करायची. "एक गेला तर एक राहील," म्हणायची.

तो हसला. "मंग दोन एकर सोंगतो, दोन ठेवतो," म्हणाला आणि मजूर बघायला गेला.

दोन दिवस आभाळ गच्च होते. चार टपोरे थेंब पडले, अंगणातली धूळ तेवढी ओली झाली, आणि वारा फिरला. यंदा वाचले. त्याचा ढीग कोरडा राहिला, कुटारसुद्धा. उरलेल्या दोन एकरांवर अजून टांगती तलवार आहेच.

मीही गहू निम्माच भिजत घातला आहे. उरलेला डब्यात आहे. पुढच्या आठवड्यात आभाळ बघून ठरवू.