देवळाच्या मागे उभं राहून

हिंगोलीत हळदीच्या बाजारालासुद्धा संत नामदेवांचं नाव आहे. तिथून नर्सीला गेलो. कयाधूकाठचं हे गाव परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, साल 1270. ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं असल्यामुळे शीख यात्रेकरूही इथे येतात. माझ्या डोक्यात मात्र एक ज्यू कीर्तनकार घोळत होते: मुंबईचे बेंजामिन शिमशोन अष्टमकर.

अष्टमकर ज्या ज्यू समाजातले, ते बेने इस्रायली मूळचे कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरात मराठी, हिब्रू प्रार्थनेपुरती, आणि बहुतेकांना तीही अर्थासकट कळत नसे. 1880 साली अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हिंदूंच्या कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात आपल्या धर्मग्रंथातल्या कथा मराठी पद्यात बसवल्या. अब्राहाम आला, योसेफ आला. हे वळण वारकरी कीर्तनाचं नव्हे, नारदीय म्हणावं असं. वारकरी कीर्तनात अभंगाचं निरूपण हा गाभा. नारदीय कीर्तनात उत्तररंगात, म्हणजे उत्तरार्धात, आख्यान रंगतं. आणि भावांनी विकलेला योसेफ मिसरात प्रधान होतो, याहून सरस आख्यान कुठल्या बुवांना हवंय?

नर्सीहून औंढ्याला आलो. नागनाथाचं हेमाडपंती देऊळ खालच्या अंगाला काळ्या दगडात कोरीव, वर नंतरच्या काळातलं बांधकाम. गाभारा जमिनीखाली, अंग चोरूनच उतरावं लागतं. नामदेवांना विसोबा खेचर इथेच गुरू म्हणून भेटले, असं सांगतात. नंदी मात्र देवळाच्या मागे. समोर कीर्तन करू न दिल्यामुळे नामदेव मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं, ही कथा इथे कोणीही ऐकवतो. इतिहास म्हणून ती टिकायची नाही. पण मला ती पटते, कारण कीर्तनाला गाभारा लागत नाही. बोलणारा एक, मागे ध्रुपद धरणारे, पुढे ऐकणारे, एवढ्यावर ते कुठेही उभं राहतं. म्हणून तर ते मूर्ती न मानणाऱ्यांच्याही कामी आलं.

1948 नंतर बेने इस्रायलींपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना इथे वसले. आख्यान सांगणारे बुवा तिथे विरळ झाले. पदं राहिली, आणि ती मुख्यतः बायकांनी जपली. त्या मिळून गातात, मराठीतच.