खडीत न धरलेला दगड

सोनपेठच्या नावात सोनं आहे, जमिनीत नाही. जमिनीत काळा दगड आहे. वर काळी माती, खाली काळा दगड. मातीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर, दगड मात्र पिढ्यान् पिढ्या आपल्या वाट्याला. विहीर खांदायची आपण, नाहीतर वडारांनी. सुरुंगाची भोकं पाडायची आपण. आणि पाणी लागलं की पोहऱ्याला हात लावायचा नाही, हा या मुलखाचा कायदा होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळीनं हा कायदा मोडला.

पाण्याचा हिशेब आपण मांडला. दगडाचा अजून मांडला नाही. तोच मांडायला बसलोय.

जिनिंगमधली पाळी सुटली की मी नव्या विहिरींच्या मलब्यावर, खदानीच्या कडंनं फिरतो आन् दगड येचतो. लोक हसतात. म्हणतात, गोटे खाऊन पोट भरतं का रं? पण सगळेच दगड भरीव नसतात. काही फुटले की आत पोकळी निघते, आणि पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुबका, नाहीतर काचेसारखे चौकोनी खडे. पुस्तकं मिळवून वाचली तेव्हा कळलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढं खडकातून झिरपणाऱ्या ऊन पाण्यानं त्या पोकळ्यांत खनिजं आणून ठेवली. स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट. यातल्या बऱ्याच खनिजांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात, म्हणजे उकळणारा दगड. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं ते नाव दिलं, कारण तापवला की या दगडातलं पाणी उकळून बाहेर येतं. इतका थंड दिसणारा दगड, आन् आत पाणी धरून बसलेला. मला हे नाव आवडलं.

या खनिजांसाठी महाराष्ट्र जगात नावाजलेला आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट, जळगाव-नाशिककडचे अपोफिलाइट परदेशातले शौकीन मोल देऊन घेतात. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच यासाठी उभं आहे. शोकेसमधल्या नमुन्याखाली चिठ्ठी असते. खनिजाचं नाव, गावाचं नाव, कधी देणाऱ्याचं नाव. पण तो दगड सुरुंगाच्या धुरात उतरून, न तोडता, हातांवर झेलून बाहेर काढला कुणी? त्याचं नाव मी अजून एकाही चिठ्ठीवर वाचलं नाही.

हे आजचं नाही. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडून रेल्वे वर नेली. घाट फोडताना निघालेले खडे लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोचले. इंजिनिअर बर्कलीचं नाव इतिहासात राहिलं. पटकीनं, सुरुंगानं, कड्यावरून पडून हजारो मजूर मेले. त्यांची यादी कुठल्या शोकेसमध्ये आहे?

आता घरातलं सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती, त्यातली ती एक. खडी ब्रासवर मोजायची. पोकळ दगड निघाला की मुकादम पायानं बाजूला सारायचा, हा मापात धरायचा नाही म्हणून. फोडायला तेवढेच घाव, पण मजुरी नाही. त्यातला एक दगड आजीनं पदरात बांधून आणला. आत पांढरं फूल. “पोरा, याचे पैशे नाय भेटले, पर लई साजरं व्हतं रे,” एवढंच ती सांगते. जो दगड मापात बसला नाही तोच दगड शोकेसमध्ये बसतो. फरक फक्त तो कुणाच्या हातात आहे याचा.

आपला मुलूख दगडासाठी जुनाच नावाजलेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की पैठणहून अकीक जातीचे दगड गाड्या भरभरून भडोचला जात आणि तिथून समुद्रापार. पैठणची गोदावरी खाली येते तीच आपल्या सोनपेठ तालुक्यातून वाहते. आणि याच काळ्या दगडात बौद्ध लेणी खोदली. पितळखोऱ्याच्या लेण्यात सापडलेल्या एका यक्षाच्या हातावर लेख आहे, की हा कण्हदास सोनारानं केला. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कारागिराचं नाव दगडावर कोरलं गेलं. मग मधल्या काळात ती नावं कुणी पुसली, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोस्तांनो, तुम्ही गावोगाव हिंडता, सभा घेता, वस्तीत मुक्काम करता. माझं एवढंच मागणं आहे. विहीर दिसली, खदान दिसली की विचारा, ही कुणी खांदली? किती परूस खोल? रोज काय पडला? सुरुंगात कुणाचा हात गेला, कुणाला खोकल्यानं धरलं? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा. दगड घावला तर आणा, पण नाव आधी आणा.

माझ्या नमुन्यांना मी वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या चिकटवल्यात. पहिल्या ओळीत फोडणाऱ्याचं पुरं नाव. दुसऱ्या ओळीत गाव. तिसऱ्या ओळीत मजुरी मिळाली की बुडाली. खनिजाचं नाव सगळ्यात खाली.