कर्दळीचे बी

कर्दळ बियांपासून वाढविणारे फारसे कोणी भेटत नाही. शेजाऱ्यांकडून गड्डा आणून पुरला, की थोड्याच दिवसांत हातभर पाने डोलू लागतात. मग वयाच्या 74 व्या वर्षी मी हा बियांचा खटाटोप का आरंभिला? कारण पत्नीचा उजवा हात.

पक्षाघातानंतर तिचे चालणे पुष्कळ सुधारले. बोटे मात्र वश होईनात. मणी उचलणे, चिमटे लावणे तिला पोरखेळ वाटे. “अहो, या वयात बालवाडी कशाला?” म्हणून ती वाटी दूर सारी. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सुचविले, की ज्याचे फळ पुढे दिसेल असे काम त्यांना द्या.

कर्दळीचे बी लहान वाटाण्याएवढे, काळे, छऱ्यासारखे टणक. आवरण इतके घट्ट, की पाणी आत शिरत नाही. अर्जेंटिनातील एका थडग्यात अक्रोडाच्या कवचाचा खुळखुळा सापडला होता. त्यातील सुमारे 600 वर्षांपूर्वीचे कर्दळीचे बी रुजले, हे 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याला एवढा धीर नसतो. म्हणून बी एका बाजूने पॉलिश पेपरवर घासायचे, आतला पांढरा भाग दिसताच थांबायचे आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचे. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बी धरून घासणे हाच तिचा व्यायाम झाला. पहिल्या दिवशी एकच बी पुरे झाले, तेही चारदा निसटून. मी उचलून देऊ लागलो, तर रागावली.

पौडजवळ आमचे घर. मुळशीचा पाऊस कोवळ्या रोपांना झोडपून काढतो. म्हणून एप्रिलअखेरीस पिशव्यांत, बोटाच्या पेराहून कमी खोलीवर बिया पेरल्या. अकरांपैकी सात रुजल्या. पावसाळाभर पिशव्या पडवीत, पागोळ्यांपासून दूर, तिच्या खुर्चीच्या उंचीच्या बाकावर होत्या; वाकण्याचा प्रश्नच नव्हता. कर्दळीचे पान सुरळी होऊन वर येते आणि सावकाश उलगडते. आईचे पान तांबडे-जांभळे. मुलांत चार हिरवी, दोन तांबूस, एक नुसती कडेला रंगलेली! गड्डा हुबेहूब आईवर जातो, बियांचा भरवसा नाही. रोज सकाळी त्यावर आमचा वाद होई.

हात यामुळेच सुधारला, असे मी म्हणणार नाही. औषधे, व्यायाम आणि काळ यांचाही वाटा आहेच. चमचा आता धरता येतो. वेणी अजून मीच घालतो, आणि ती वाकडीच होते.

जाता जाता एक सांगतो. शोभेच्या पानांसाठी डिफेनबाकिया अनेकजण आणतात. त्याचे पान चावले गेले तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असेल तर ते नकोच. मधुमेहींनी मातीत हात घालताना हातमोजे घालावेत.

यंदा गड्डे चांगलेच पसरले. शेजारच्या वहिनी एखादा मागायला आल्या, तेव्हा हिने बियांची पुडी पुढे केली. “सकाळी बोटं आखडतात म्हणता ना? मग या न्या, आणि घासत बसा.”