शिवनाथची लोकर

नदीवरून काही विणायचं म्हटलं की दुकानात आपला हात आधी निळ्या लोकरीकडे जातो. भिलाईत असाल तर तो तिथेच थांबवा आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी दुर्गच्या पुढे महमरा एनीकटपर्यंत जाऊन या. एनीकट म्हणजे नदीतला बुटका बंधारा. पावसाळ्यात शिवनाथ त्याच्यावरून वाहते आणि रस्ता बंद होतो, पण भात कापणीच्या दिवसांत पाणी शहाण्यासारखं खाली असतं. पलीकडच्या काठावर जाऊन दुर्गकडे तोंड करून उभे राहा आणि निळं कुठे दिसतं का ते बघा. पाणी करडं-हिरवं असतं.

शिवनाथ ही महानदीची मोठी उपनदी. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या डोंगराळ भागातून ती येते, म्हणजे तशी शेजारचीच. दुर्गसुद्धा १९५६ पर्यंत नागपूरहून चालणाऱ्या राज्यात होतं. कारखाना आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून या भागाचं नाव लोखंडाशीच जोडलं गेलं. नदीकडे पाहुणे क्वचितच वळतात.

रंग निवडताना इथल्या शेतकऱ्यांचे शब्द फार कामाला येतात. काळ्या जमिनीला ते कन्हार म्हणतात, पिवळसर जमिनीला मटासी आणि मुरमाड लालसर जमिनीला भाठा. इतकी नेमकी शेड कार्डं लोकरीच्या दुकानात मिळत नाहीत!

आता काउल. म्हणजे टोकं नसलेला, डोक्यावरून घालायचा गोल गळपट्टा. इथली थंडी दोनेक महिन्यांची. सकाळी स्कूटरवर निघताना एवढा पुरतो. मध्यम जाडीची लोकर, सगळे रंग मिळून सव्वाशे ग्रॅम, आणि ८ नंबरची, म्हणजे ४ मि.मी.ची, ४० सें.मी. लांब गोल सुई घ्या. जुना स्वेटर उसवलात तर आणखी छान. लोकरीची लड धुऊन, खाली थोडं वजन लावून वाळवली की वळ्या जातात.

१०८ टाके घाला, पीळ न पडू देता गोल जोडा. नक्षी लाटांची, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची जुनी, १८ टाक्यांची. पहिल्या दोन फेऱ्या सुलट. तिसरीत दोन-दोन टाके एकत्र असे तीनदा, मग सुईवर दोरा घेऊन एक सुलट असं सहा वेळा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. हेच फेरी संपेपर्यंत. चौथी पूर्ण उलट. रंग नेहमी पहिल्या सुलट फेरीत बदला, उलट फेरीत बदललात तर ठिपके दिसतात.

खालून वर: कन्हार काळ्याच्या ८ फेऱ्या, हा तुमच्या पायाखालचा काठ. मग पाणी. त्यानंतर मटासी पिवळ्याच्या १२, कापलेल्या भाताच्या. कासाच्या तुऱ्यांसाठी पांढऱ्याच्या ४, धुरकट आकाशाच्या ८ आणि शेवटच्या ४ तांबड्या, दल्ली-राजहराच्या लोहखनिजासारख्या. याच खनिजावर भिलाईची भट्टी चालत आली आहे.

पाण्याच्या फेऱ्या मात्र २४ घाला, त्याला कारण आहे. १९९८ साली बोरईच्या औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी याच नदीचा साडेतेवीस किलोमीटरच्या आसपासचा पट्टा एका खासगी कंपनीला २२ वर्षांच्या कराराने दिला गेला. पिढ्यान्‌पिढ्या जिथे जाळं टाकलं, आंघोळ केली, तिथे काठच्या गावांना अडवलं जाऊ लागलं. आंदोलनं झाली, विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही करार रद्द करा म्हटलं. वाहती नदी भाड्याने देता येते, हे माझ्या तर अजून गळी उतरत नाही.

म्हणून किलोमीटरला एक फेरी. मुलं शेजारी बसली असतील तर मोजायला त्यांनाच सांगा, आणि कशासाठी मोजतोय तेही. शेवटी टाके सैल हाताने बंद करा, नाहीतर काउल डोक्यातून जाणार नाही.